रीत सगळ्यांची, किल्ली आपली

दर दोन-चार महिन्यांनी आपल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो. पगडीतल्या एका विद्वानाचं चित्र आणि ठळक अक्षरांत मजकूर: गुप्तलिपी फोडण्याचं शास्त्र जगाला अल-किंदीने दिलं. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. गंमत म्हणजे ही माहिती बरीचशी खरी आहे, आणि फॉरवर्डमध्ये खरी माहिती येणं ही आजकाल मोठीच गोष्ट. पण तो मेसेज आपल्या फोनमधून बाहेर पडताना त्याचा कुणालाही न कळणारा आकड्यांचा गिचमिड गोळा झाला आणि समोरच्याच्या फोनवर पोचताच पुन्हा त्याचं मराठी झालं. हे नेमकं कशामुळे घडलं, असं विचारलं की ग्रुप शांत होतो. अल-किंदीचं नाव माहीत आहे, त्याचं काम माहीत नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नवी मुंबईत करावे इथे राहतो. संदेश सुरक्षित पाठवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. माझं म्हणणं साधं आहे. या विषयामागचं गणित दहावी-बारावीच्या मुलाला समजेल इतपत सोपं आहे आणि ते आपल्याला कळायला हवं. कारण आपल्या खाजगी बोलण्यावर कुणाचा किती हक्क, हा वाद आज देशात चालू आहे. त्यात गणित माहीत नसलेला माणूस एकतर भीतीपोटी बोलतो किंवा दुसऱ्याचं ऐकून.

झेंडे, बोटं आणि ‘च’ची भाषा

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. कोड म्हणजे संकेत. सायफर म्हणजे गुप्तलिपी. आपण बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो.

आमच्या करावेत ‘टी. एस. चाणक्य’ ही व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे. लोक तिकडे फ्लेमिंगो बघायला जातात, पण मला ती आठवते ती झेंड्यांमुळे. समुद्रावर जाणाऱ्याला झेंड्यांची आंतरराष्ट्रीय संकेतप्रणाली शिकावी लागते. जहाजावर ‘ए’चा झेंडा दिसला तर खाली पाणबुड्या उतरलाय, लांब राहा. ‘ओ’चा झेंडा म्हणजे माणूस पाण्यात पडला. ‘एच’ म्हणजे जहाजावर पायलट आहे. एक चिन्ह, एक पूर्ण अर्थ. यात लपवण्यासारखं काही नाही, उलट जगातल्या प्रत्येक खलाशाला कळावं म्हणूनच हे बनवलंय. हा कोड. मोर्सचा कट्ट-कडकट्टही तसाच उघडा कोड.

सायफरमध्ये हेतू उलटा असतो. अर्थ एकालाच कळावा, बाकीच्यांना कळू नये. ज्या चाणक्याचं नाव त्या संस्थेला दिलंय, त्याच्या नावावर असलेल्या ‘अर्थशास्त्रा’त हेरांनी संज्ञालिपीतून निरोप पाठवण्याचा उल्लेख आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांमध्येही गुप्तपणे लिहिण्या-बोलण्याची एक कला येते.

पण इतकं लांब जायची गरज नाही. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोललोच आहोत. ‘शाळा’चं ‘चाळाश’, ‘पाऊस’चं ‘चाऊसप’. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. करपल्लवी हा त्याहून हुशार प्रकार. सापाच्या फण्यासारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्रासारखा फिरवला की च-वर्ग. मग जितकी बोटं दाखवली तितकवं अक्षर. म्हणजे प्रत्येक अक्षराचा पत्ता दोन आकड्यांत: वर्ग कोणता आणि त्यातलं कितवं. आपल्या वर्णमालेची मांडणीच इतकी नीटस आहे की तिचं गणितात रूपांतर करायला काही कष्ट पडत नाहीत. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, तोही याच घराण्यातला. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण सौदा दोघांनाच कळतो.

सकळ लिपीचा धडा

मराठीत गुप्तलिपीचं सर्वांत मोठं उदाहरण महानुभाव पंथाचं आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा पंथ उभा केला. जातिभेद न मानणारा, संस्कृत सोडून लोकांच्या मराठीत लिहिणारा. म्हाइंभटाचं ‘लीळाचरित्र’ हे मराठी गद्याचं आद्य लेणं याच परंपरेतलं. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. तत्त्व असं की देवनागरीतल्या एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा चिन्ह लिहायचं. तक्ता ज्याच्याकडे, त्यालाच वाचता येणार.

याचे दोन परिणाम झाले. एक, मराठीतला हा ठेवा शतकानुशतकं बाहेरच्या वाचकाला बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठे अभ्यासकांसमोर दार उघडलं. दुसरा परिणाम जास्त बोलका आहे. ‘मानभावी’ हा शब्द आपण ढोंगी माणसासाठी सर्रास वापरतो. तो या पंथाच्या ‘मानभाव’ या नावावरून आला. एका समाजाविषयीचा संशय भाषेत इतका मुरला की आज तो वापरणाऱ्याला त्यामागचा पंथही आठवत नाही. हे लोक बंद दाराआड काहीतरी लिहितात, म्हणजे काळंबेरं असणारच, हा तर्क आपल्यालाही ओळखीचा आहे. तो आपल्यावर रोखला जातो तेव्हा तो किती जुना आहे हे माहीत असलेलं बरं.

अभियंता म्हणून मला सकळ लिपीत आणखी एक गोष्ट दिसते. तिची सगळी सुरक्षितता रीत लपवण्यावर उभी होती. तक्ता एकदा बाहेर आला की एक पोथी उघडत नाही, त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्या एकदम उघडतात. घराचं कुलूप बदलता येतं. पण इथे कुलूप आणि भिंत एकच होती.

मोजणारा माणूस

आता अल-किंदीकडे येऊ. नवव्या शतकातलं बगदाद. ग्रीक, फारसी, सुरयानी, संस्कृतातलं ज्ञान अरबीत आणण्याचं काम तिथे जोरात चालू होतं. याच वातावरणात अबू यूसुफ याकूब अल-किंदीने गुप्त संदेश कसे उलगडावेत यावर एक पुस्तिका लिहिली. तिचं हस्तलिखित इस्तंबूलमध्ये सापडलं आणि १९८७ मध्ये दमास्कसमधल्या अभ्यासकांनी ती संपादून छापली. आज उपलब्ध असलेल्या लिखाणात अक्षरांच्या वारंवारितेवरून लिपी फोडण्याची पद्धत सांगणारं हे सर्वांत जुनं.

त्याची युक्ती अशी. प्रत्येक भाषेत काही अक्षरं फार येतात, काही क्वचित. अल-किंदीने अरबी मजकूर घेऊन मोजणी केली. अलिफ सर्वांत जास्त, त्याखालोखाल लाम. आता एखादा गुप्त संदेश हाती आला तर त्यातली चिन्हं मोजा. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा दिसतं ते बहुधा अलिफ, पुढचं बहुधा लाम. मग शब्दांचे सांगाडे जुळवत जा. चिन्हाचा मुखवटा बदलला तरी त्याची चाल बदलत नाही.

यातली ताकद कळायला एक आकडा पुरे. इंग्रजीच्या २६ अक्षरांची अदलाबदल करून जितके तक्ते बनतात त्यांची संख्या लिहायला २७ अंक लागतात. एकेक करून बघायला बसलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. मोजणारा माणूस मात्र वही-पेन्सिल घेऊन दुपारभरात काम संपवतो.

मराठीत हा प्रयोग तुम्ही स्वतः करा. कुठल्याही बातमीचे दोन परिच्छेद घ्या आणि अक्षरं मोजा. काना पुढे राहील. र, त, य, न, च वरच्या रांगेत येतील, कारण ‘चा-ची-चे’ आणि ‘त’ हे प्रत्यय पावलोपावली आहेत. झ, ढ मागे पडतील, ङ आणि ञ जवळजवळ दिसणारच नाहीत. सकळ लिपीतली पोथी अल-किंदीच्या हाती पडली असती तर, मराठी येत असल्यास, त्याने ती फोडली असती.

हे काम बगदादमध्येच का झालं, हा खरा प्रश्न आहे. कारण तिथे भाषेचा अभ्यास आणि गणित एका छताखाली होते. त्याच्या आधी बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबीचा पहिला शब्दकोश रचताना अक्षरांच्या सगळ्या शक्य जुळण्या हिशेबाने मांडल्या होत्या. कुरआनातले शब्द आणि अक्षरं काटेकोर मोजण्याची परंपरा होती. अल-किंदीने स्वतः भारतीय अंकांच्या वापरावर लिहिलं होतं. सत्य परक्या लोकांकडून आलं तरी ते घेण्यात कमीपणा नाही, असं तो मानत असे. पुढे इब्न अदलान, इब्न अद-दुरैहिम आणि अल-कलकशंदी यांनी हे काम पंधराव्या शतकापर्यंत चालू ठेवलं. ‘सायफर’ हा शब्दच बघा. आपल्याकडचं ‘शून्य’ अरबीत ‘सिफ्र’ झालं आणि युरोपात जाऊन ‘सायफर’. एका शब्दात तीन संस्कृतींचा प्रवास आहे. त्यावर एकट्याची मालकी सांगायला कुणीच जाऊ नये, ना त्यांनी, ना आपण.

किल्ली वाटून टाकायची

अल-किंदीनंतर हजार वर्षं लिपी बनवणारे आणि फोडणारे यांची शर्यत चालू राहिली. त्यातून निघालेला सर्वांत मोठा धडा १८८३ मध्ये ऑगस्ट केरकॉफ्स याने मांडला: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. ऐकायला हे उफराटं वाटतं. पण कुलूपवाल्याचा विचार करा. कुलपाची रचना पुस्तकात छापलेली आहे, शंभर कारागिरांनी ते फोडायचा प्रयत्न करून हात टेकले आहेत. त्याच्यावर विश्वास ठेवाल, की ‘आमची रचना गुपित आहे, काळजी करू नका’ म्हणणाऱ्यावर?

आज बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत वापरली जाणारी एईएस ही पद्धत अशीच निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. पंधरा पद्धती आल्या, जगभरच्या गणितज्ञांनी त्या सर्वांसमोर फोडायचा प्रयत्न केला आणि शेवटी दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत टिकली. तिचा प्रत्येक टप्पा आज कुणीही वाचू शकतो. अल-किंदीचा खरा वारसा हाच आहे: ज्याला फोडता येतं, त्यालाच पक्कं बनवता येतं.

एक अडचण तरीही उरत होती. दोघांकडे सारखी किल्ली हवी, मग ती पोचवायची कशी? करावेतल्या मुलाने पहिल्यांदाच एखाद्या दुकानाच्या साइटवर कार्ड वापरलं, तर त्याची आणि त्या दुकानाची किल्ली आधी कुठे ठरली? १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी याचं उत्तर दिलं आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची आरएसए पद्धत आली. कल्पना अशी: मी माझी उघडी कुलपं सगळ्या गावाला वाटून टाकतो. कुणीही पेटीत चिठ्ठी ठेवून ते कुलूप दाबून बंद करू शकतो. उघडायची किल्ली मात्र फक्त माझ्या खिशात.

गणितात ते असं होतं. दोन अविभाज्य संख्या घ्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. ही संख्या मी जाहीर करतो आणि सोबत आणखी एक आकडा, ३. हे माझं उघडं कुलूप. आता घड्याळाचं गणित आठवा. दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात, कारण १५ मधून १२ निघून जातात. आपलं घड्याळ ३३ तासांचं आहे असं समजा. क=१, ख=२, ग=३, घ=४ अशा क्रमाने स=३२ पर्यंत अक्षरांना आकडे द्या. तुम्हाला ‘घ’ पाठवायचाय. ४ चा घन ६४, त्यातून ३३ गेले, उरले ३१. तुम्ही मला ३१ पाठवलंत.

माझी खाजगी किल्ली आहे ७. मी ३१ चा सातवा घात काढतो: २७,५१२,६१४,१११. त्याला ३३ ने भागलं की बाकी उरते ४. ‘घ’ परत आला! सोपी वाटही आहे: ३३ च्या घड्याळात ३१ म्हणजे उणे २, त्याचा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवा, ४.

हा ७ कुठून आला? ३ आणि ११ मधून एकेक वजा करा: २ आणि १०. त्यांचा गुणाकार २०. आता ३ ला अशा संख्येने गुणा की २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ गुणिले ७ म्हणजे २१. झालं. म्हणजे ज्याला ३३ चे दोन तुकडे माहीत आहेत, तोच ७ शोधू शकतो. ३३ चे तुकडे चौथीतलं पोर करेल. पण प्रत्यक्षात ही संख्या ६१७ अंकी असते. तिचे दोन तुकडे वाजवी वेळेत शोधण्याची रीत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही. गुणणं सोपं, फोडणं अवघड. सगळी इमारत या एका विषमतेवर उभी आहे.

एक-एक अक्षर असं कुलूपबंद केलं तर अल-किंदी पुन्हा मोजून फोडेल, कारण ‘घ’चा दरवेळी ३१च होईल. म्हणून अशा गणिताचा उपयोग मुख्यतः किल्ली ठरवण्यासाठी होतो आणि मजकूर एईएससारख्या पद्धतीने घुसळला जातो. क्वांटम संगणक मोठे झाले तर आरएसए मोडेल, हे १९९४ पासून माहीत आहे. त्यासाठीच्या नव्या पद्धतींची मानकं २०२४ मध्ये जाहीरही झाली आहेत, तीही खुल्या तपासणीनंतरच.

दुसरी किल्ली कुणाकडे?

आता वादाकडे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. म्हणजे किल्ल्या फक्त बोलणाऱ्यांच्या फोनमध्ये, मधल्या कंपनीकडे नाहीत. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग २०२१ चे आयटी नियम आले. त्यानुसार गंभीर गुन्ह्यांच्या तपासात, न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने मागितल्यास, एखादा मेसेज देशात पहिल्यांदा कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

या नियमामागची काळजी खोटी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. २ जून २०१४ ला हडपसरमध्ये, फेसबुकवरच्या बदनामीकारक चित्रांवरून पेटलेल्या हिंसेत आयटीत काम करणारा एक मुस्लिम तरुण मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिली ठिणगी कुणी टाकली हे शोधा, ही मागणी आपल्या घरांतूनही येते आणि ती रास्त आहे.

पण ‘पहिला कोण’ हे उद्या सांगता यावं म्हणून आज प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजचा ठसा जपून ठेवावा लागेल. गुन्हेगार कोण होणार हे आधी माहीत नसतं, म्हणून सगळ्यांनाच संशयितांच्या रांगेत उभं करावं लागतं. शिवाय हा ‘पहिला’ बहुधा खरा पहिला नसतोच. दुसऱ्या ॲपवरचं चित्र उचलून इथे चिकटवणारा किंवा परदेशातून आलेला मेसेज इथे पहिल्यांदा पुढे ढकलणारा, हाच कागदोपत्री मूळ पुरुष ठरेल. ग्रुपवर न वाचता फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या मामा-खालांचा विचार करा.

आणि चांगल्या माणसांसाठीची म्हणून ठेवलेली दुसरी किल्ली चांगल्या माणसांकडेच राहते, असंही नाही. २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत पोलिसांच्या कायदेशीर टॅपिंगसाठी असलेली सोय अज्ञात लोकांनी वापरली आणि पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे फोन ऐकले. पंतप्रधान वाचू शकले नाहीत, तिथे आपली काय कथा? गणिताला माणसाचा हेतू कळत नाही. ३३ चे तुकडे ज्याला मिळाले, त्याला ७ मिळतोच, मग तो ठाणेदार असो की भामटा.

‘मी काही लपवत नाही, मग मला कसली भीती?’ हा प्रश्न आपल्यातलेही विचारतात. २०२१ आणि २०२२ मध्ये मुस्लिम मुलींचे सार्वजनिक फोटो उचलून त्यांच्या ‘लिलावा’ची ॲप्स बनवली गेली, ते आठवा. त्या मुलींनीही काही लपवलं नव्हतं. त्यांच्यातल्या पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, उघडपणे लिहिणाऱ्या होत्या. आपल्याबद्दलचं काय, कुणापर्यंत, किती जावं हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याने हिसकावला, हा तो गुन्हा होता. पडदा लावणाऱ्या घरात काळंबेरं चालतं असं आपण म्हणत नाही.

माझं मत असं: तपास करा, पण संशयिताचा. त्याचा फोन कायद्याने ताब्यात घ्या, त्याच्या ओळखीपाळखी तपासा, गर्दीला चिथावणाऱ्याला न्यायालयात उभं करा. अफवा फिरल्यावर पोलिसांनी गावात तासाभरात पोचावं यासाठी पैसा खर्च करा. सगळ्या देशाचं कुलूप सैल करून राईनपाड्यातली माणसं वाचली नसती.

अभिमानाचं काय करायचं

गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. एन्क्रिप्शन वाटेतल्या चोराला थांबवतं, घरात शिरलेल्याला नाही. पेगॅससने सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केल्याचं व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये सांगितलं, तेव्हा कुलूप फुटलं नव्हतं. फोनमध्येच घुसखोरी झाली होती. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर कुठलीही अविभाज्य संख्या मदतीला येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतःच सांगितलात तर ६१७ अंक वाया गेले. ‘डिजिटल अरेस्ट’वाला भामटा गणित फोडत नाही, तुमची भीती फोडतो. म्हणून निदान एवढं करा: टू-स्टेप पिन लावा, चॅटच्या बॅकअपलाही एन्क्रिप्शन सुरू करा, महत्त्वाच्या माणसाशी बोलताना ६० अंकी सुरक्षा कोड एकदा जुळवून बघा. टेलिग्रामवरच्या साध्या चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं, हेही माहीत असू द्या.

राहिला अल-किंदी. कैरोत जन्मलेल्या ताहेर अल-गमाल यांनी १९८५ मध्ये स्वतःच्या नावाची एन्क्रिप्शन पद्धत मांडली आणि पुढे नेटस्केपमध्ये एसएसएलच्या कामाचं नेतृत्व केलं. ब्राउझरमधल्या त्या छोट्या कुलपाची सुरुवात तिथली. २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये मणिंद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांसोबत, दिलेली संख्या अविभाज्य आहे का हे वेगाने आणि खात्रीने सांगणारी रीत शोधली. जगातले दिग्गज ज्यावर अडले होते ते काम विशी-बाविशीतल्या मुलांनी केलं. नवव्या शतकाकडे बघून उसासे टाकण्यापेक्षा हे जवळचं आहे.

आपल्या मोहल्ल्यांतल्या अभ्यासिकांमध्ये, मशिदीच्या हॉलमध्ये, वाचनालयांत चार रविवार यासाठी काढता येतील. पहिल्या रविवारी अक्षरं मोजा. दुसऱ्या रविवारी घड्याळाचं गणित. तिसऱ्या रविवारी ३३ ची किल्ली. चौथ्या रविवारी आयटी नियम आणि पुट्टस्वामी निकाल वाचून वाद घाला, दोन्ही बाजूंनी. मुलींना मागच्या रांगेत बसवू नका, या लढाईचा पहिला फटका त्यांनाच बसला आहे. लॅपटॉप लागत नाही, वही पुरते.

सुरुवात आजच करा. वरच्याच पद्धतीने, ३३ आणि ३ हे उघडं कुलूप वापरून, मी तीन अक्षरांचा एक शब्द बंद केलाय: १४, १७, १५. क=१ पासून स=३२ पर्यंत क्रमाने मोजा, ङ आणि ञ धरून. किल्ली ७ आहे. पुढच्या वेळी अल-किंदीचा फॉरवर्ड आला की ‘माशाअल्लाह’च्या सोबत हे तीन आकडे टाका आणि ग्रुपला उत्तर विचारा.